फाइलचं नाव आणि आतला माल

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भिवंडीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यातून गेले. हा एक जात नाही, कारण त्या तपासात मी स्वतः नीट वागलो नव्हतो.

दुपारी बाराच्या सुमारास निजामपुऱ्यातला एक लूममालक पेनड्राइव्ह घेऊन पोलीस ठाण्यात आला. त्याच्याकडे बारा वर्षं राबलेल्या मिस्त्रीने टेमघरला कापड विणायचे स्वतःचे चार लूम टाकले होते. तोच आता चालू शेडमधून फोन करून खंडणी मागतोय, अशी तक्रार. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग चुकून पुसलं गेलं, पण कॉपी काढून ठेवली आहे, असं तो म्हणाला. मी त्याच्या ऑफिसात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर ते ऐकलं. ‘पैसा दे, नहीं तो गोदाम को आग लगा दूँगा.’ आवाज मिस्त्रीचाच वाटला. गुन्हा नोंदवला, मालकाचा फोन जप्त केला आणि चालू शिफ्टमधून मिस्त्रीला उचलून आणलं.

“साब, मैंने फोनच नहीं किया,” तो एवढंच सांगत राहिला. “कारीगर नए हैं. मैं दो दिन नहीं दिखा तो सब भाग जाएँगे.”

आरोपी हेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करून पोलीस कोठडी मागायची होती. ती मिळाली की त्याचे लूम बंद पडणार होते, आणि खंडणीखोराच्या शेडमध्ये पुन्हा कोणी कामाला आलं नसतं.

पंचांसमोर पेनड्राइव्ह सीलबंद करण्याआधी आम्ही तपासासाठी एक कॉपी घेतली. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. पांढरं कोरं चित्र दिसायचं आणि मशीन विचारायचं, ही फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडू? मला काय ठाऊक! मी दिसेल ते दाबत राहिलो.

आमच्याकडे गणेशपुरीकडची एक महिला शिपाई होती. कॉम्प्युटर तिच्या हातात मऊ व्हायचा. मोठे साहेब आल्या आल्या तिचीच चौकशी करायचे, हवालदार अडले की तिच्या टेबलाभोवती जमायचे. मी शिपाई म्हणून लागून, परीक्षा देत अधिकारी झालेला माणूस. माझ्या टेबलावर फक्त चहा यायचा. स्पष्टच लिहितो, ती मला सहन होत नव्हती.

ती मागे येऊन उभी राहिली. “साहेब, फाइल खराब न्हाय हाय. मशीनला या जातीची वळख न्हाय. मी बघू का?”

“तू टायपिंग बघ,” मी म्हणालो. “पुराव्याला हात लावायचा नाही.”

ती टायपिंगकडे परत गेली. मिस्त्री त्या रात्री लॉकअपमध्ये राहिला.

सकाळी रिमांड रिपोर्ट लिहायला बसलो. फाइल कसली, किती वेळाची, ते लिहायचं होतं, आणि ती अजून उघडतच नव्हती. शेवटी नाक मुठीत धरून तिला हाक मारली.

तिने आवाजाचा एक प्रोग्राम टाकला आणि फोन-रेकॉर्डिंगच्या फाइली त्यानेच उघडायच्या, अशी मशीनमध्ये नोंद केली. मालकाच्या फोनमधली जुनी रेकॉर्डिंगं पंचांसमोर काढून लावली. सगळी वाजली. धमकीची फाइल मात्र वाजेना, आणि तिच्या नावाची शेवटची अक्षरं तर तीच होती.

मग तिने दोन्हीकडच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडल्या. पडदा अगम्य चिन्हांनी भरला. तिने फक्त पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“साहेब, जात हितं लिवलेली असते. ही फोनची, बघा. अन् ही धमकीची. ही कॉम्प्युटरच्या माइकवर केलेली हाय. नाव फकस्त वरून बदललंय. मालकाच्या ऑफिसात वाजली ती नाव बदलायच्या आधीची असंल.”

तेव्हा मला ऑफिसात ऐकलेला तो आवाज आठवला. मिस्त्रीने चालू शेडमधून फोन केला म्हणे, आणि मागे लूमची खडखड कुठेच नव्हती. भिवंडीत इतकी वर्षं काढलेल्या माझ्या कानांना ते कळायला हवं होतं.

मालकाला बोलावून दोन्ही ओळी दाखवल्या. नाव बदललं की फाइलही बदलते, अशी त्याची समजूत होती. अर्ध्या तासात त्याने कबुली दिली. आवाज त्याच्या मेहुण्याचा; तो लग्नांत नकला करायचा.

“बारा वर्षं माझ्या हाताखाली होता,” मालक म्हणाला. “आता व्यापारी आधी त्याला सलाम करतात. कसं बघवेल, साहेब?”

मी मान खाली घालून जबाब लिहीत होतो. तिच्या टेबलाभोवतीची गर्दी पाहून माझ्याही मनात हेच यायचं.

कोर्टात तसा अहवाल दिला आणि मिस्त्री सुटला. मालकावर आणि मेहुण्यावर खोट्या पुराव्याचा गुन्हा दाखल झाला. तपासाचं श्रेय तिच्या नावावर लिहून मी बक्षिसाची शिफारस केली. त्या शिफारशीवर सही करतानाही मन मोकळं नव्हतं. माणसाच्या मनातली ही गोष्ट ओळखायला मी आरोपींच्या बाबतीत शिकलो होतो. स्वतःच्या बाबतीत त्या दिवशी शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

त्याच संध्याकाळी अटकेत जमा केलेलं सामान परत घ्यायला मिस्त्री ठाण्यात आला. तोवर त्याचे दोन कारीगर निघून गेले होते. पावतीवर सही करून तो तिच्या टेबलाशी गेला, हात जोडले, मग माझ्याकडे वळला.

“साब, वो फाइल कल भी तो यहीं थी ना?”

मी पावती फाडून त्याच्या हातात दिली.