हर्सूलच्या दिरांनी काय सांगितलं

स्थळाच्या चौकशीला आलेलं माणूस आपण कशाला आलोय ते कधी सांगत नाही. ते गिऱ्हाईक होऊन येतं, भाड्यानं खोली बघायला येतं, नाहीतर पत्ता चुकल्यासारखं करून पाणी मागतं. मग बोलता बोलता विचारतं, अमक्यांची मुलगी कशी आहे, आईचा स्वभाव कसा, भावकीत कोणाशी वाकडं आहे का. आमच्याकडं लग्नं अशीच जुळतात आणि अशीच मोडतात. मी स्वतः अशा चौकशा केल्या आहेत. त्यामुळं असं माणूस मला लांबूनच ओळखू येतं, असा माझा समज होता.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. बदली झालेल्या साहेबांचे पलंग, कपाटं, सोफे घ्यायचे आणि पॉलिश मारून विकायचे. नवरा गेला तेव्हा माझ्याजवळ त्यांचं हे बारकं दुकान, दहावीचं सर्टिफिकेट आणि लहान मुलगी एवढंच होतं. धाकटे दीर तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, बाईमाणसाला धंदा झेपायचा नाही, दुकान विकून टाका. मी विकलं नाही. हर्सूलला त्यांचं किराणा दुकान आहे, तिथून कधी मदतीचा हात पुढं झाला नाही आणि मीही मागितला नाही. येणंजाणं कमी होत गेलं.

माझ्या मुलीचं पहिलं स्थळ आलं तेव्हा ती एम.एस्सी. होऊन वाळूजला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती. मुलाकडचे लोक हर्सूलला दिरांकडं जाऊन आले आणि त्यानंतर त्यांचा फोनच आला नाही. मला तेवढं पुरे होतं. दिरांनी मोडता घातला, हे मी त्या दिवशी मनात पक्कं केलं आणि त्यांच्या घरची पायरी चढणं सोडलं.

यंदा दुसरं स्थळ आलं. तेही भावकीतून नाही. माझ्याकडं कपाट विकायला आलेल्या एका बाईंनी सुचवलं, त्यांची माझी ओळख तेवढ्या कपाटापुरती. मुलगा बँकेत, घरचे अजिंठ्याकडचे शेतीवाले. दोघं एकदा भेटले. त्या संध्याकाळी माझी मुलगी मेथी निवडता निवडता गुणगुणत होती. ती कधी गुणगुणत नाही. मला धडकीच भरली. पहिलं मोडलं तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं, हे मोडलं तर वाटणार होतं.

मुलाकडचे म्हणाले, "विचारून कळवतो." कोणाला विचारणार, ते मला कळत होतं.

त्याच आठवड्यात दुपारी एक मुलगी दुकानात आली. पाठीला सॅक, गळ्यात कार्ड. म्हणाली, "मावशी, मी बी.ए.ला आहे. समाजशास्त्र. आमचा प्रकल्प आहे, अडीअडचणीला माणसं कोणाकडं जातात यावर. थोडं बोलाल का? तुमचं नाव कुठंच येणार नाही."

कार्ड काय, चौकात कोणीही करून देतं. मी तिला स्टुलावर बसवलं आणि नीट बघितलं.

तिनं विचारलं, घरी कोण कोण, मुलगी किती शिकली, आजारी पडलं तर पहिला फोन कोणाला, सणाला कोण जेवायला येतं. एकेक प्रश्न माझ्या कानात वाजत होता. पुढं ती म्हणाली, "जात सांगायची नसेल तर नका सांगू."

खरं तर इथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. स्थळ बघणाऱ्याला जात विचारावी लागत नाही, ती बघूनच तो निघालेला असतो. पण मी तेव्हा तिचीच जात काढायच्या नादात होते. आडनाव विचारलं, त्यावरून काही कळेना. गाव विचारलं.

ती हसली. "मावशी, गावावरून पण कळायचं नाही. आम्ही बौद्ध आहोत. सरळ विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

मी चहा मागवला. सगळ्यांना येतो त्याच ग्लासात आला, आणि तो त्याच ग्लासात आला याची मी मनात नोंद घेतली. अशी नोंद मी दुसऱ्या कोणाच्या चहाची घेत नाही. मग माझं डोकं पुढं धावलं. आपल्यातलं माणूस पाठवलं तर ही बाई ओळखेल, म्हणून अजिंठेकरांनी मुद्दाम आपल्यात न बसणारी पोरगी धाडली. लई हुशार लोक, असं मला वाटलं, आणि कौतुकही वाटलं.

मग मीही माल दाखवतात तसं घर दाखवलं. पलंगाची मोडकी बाजू भिंतीकडं करायची असते. म्हटलं, "आमची भावकी म्हणजे एक जीव. हर्सूलचे दीर तर पाठच्या भावासारखे. त्यांना विचारल्याशिवाय या घरात पान हलत नाही."

ती खूश झाली. उठताना म्हणाली, "मग उद्या त्यांच्याकडंच जाते. आमची पद्धतच अशी आहे. तुम्ही ज्यांचं नाव घ्याल, त्यांच्याकडं पुढं जायचं. माणसावरून माणूस."

सौदा करताना मी आजवर अशी अडकले नव्हते. दिरांच्या दारापर्यंतचा रस्ता मीच तिला दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून रिक्षानं हर्सूलला गेले. मनात एकच, तिच्या आधी पोचायचं. पण किराणा दुकानासमोर तिची स्कूटी उभीच होती. ती आत पोत्याशेजारी खुर्चीवर, समोर दीर, आणि दारात जाऊबाई ताट पुसत उभ्या.

"अरे वा, वहिनी," दीर म्हणाले. "आज सूर्य कुठून उगवला?"

"तुमच्याच गोदामामागून, भाऊजी," मी म्हटलं आणि सरळ त्या मुलीला विचारलं, "काय सांगितलं यांनी?"

"ते सांगता येत नाही, मावशी."

"मी घरची आहे."

"म्हणूनच. तुम्ही काय सांगितलं तेही मी यांना सांगितलेलं नाही. यांनी लई विचारलं."

"व्हय, विचारलं," दीर म्हणाले. "नाय सांगत. दगड आहे पोरगी."

तेव्हा मला कळलं की ही खरंच विद्यार्थिनी आहे. चौकशीला आलेलं माणूस इकडचं तिकडं केल्याशिवाय राहत नाही, तोच त्याचा धंदा. ही दोन घरं फिरून तोंड मिटून बसली होती. तिनं सॅक उचलली, जाऊबाईंना चहा छान झाला म्हणाली आणि गेली.

पण मी दारात आलेच होते, आणि अजिंठेकर आज ना उद्या याच खुर्चीवर बसणार होते. म्हणून मी उभ्यानंच विचारलं, "मागच्या वेळी त्या लोकांना काय सांगितलं होतं?"

"काही नाय."

"खोटं नका बोलू."

"अहो, काहीच नाय सांगितलं. ते म्हणाले मुलगी कशी आहे. मी म्हटलं, आम्ही काय सांगणार, तुम्हीच बघा."

माझा आवाज चढला. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. भावकीतल्या माणसानं 'तुम्हीच बघा' म्हटलं की लोक काय समजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिव्या दिल्या असत्या तर लोकांनी वैर समजून सोडून दिलं असतं. गप्प बसण्याला इलाज नाही.

"मग काय सांगायचं होतं?" तेही तापले. "पोरगी काय शिकली ते मला बाहेरून कळलं. नोकरीला लागली तेही बाहेरून. तुम्ही पेढा तरी पाठवला का? न बघितलेल्या मालाची गॅरंटी तुम्ही देता का दुकानात?"

जाऊबाई आतून म्हणाल्या, "देत असतील. म्हणून तर चाललंय दुकान."

मला हसू आलं ते मी दाबलं. दीर खरं बोलत होते की नाही, ते मला आजही माहीत नाही. डाव साधून झाल्यावर साळसूद होणारी माणसं मी रोज बघते. पण घरी मुलगी गुणगुणत होती. मी पोत्यावर बसले आणि म्हटलं, "बोला. या वेळी चांगलं सांगायला काय घ्याल?"

त्यांनी विचार केला. म्हणाले, "लग्नपत्रिकेत माझं नाव. आणि बैठकीला मी पुढं बसणार, भावाच्या जागी."

झोंबलं मला. एवढी वर्षं दुकान मी उभं केलं, पोरगी मी शिकवली, आणि पुढं बसायला गडी पाहिजे. पण अजिंठेकर बाईशी देण्याघेण्याचं बोलणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"बसा पुढं," मी म्हटलं, "पण बोलायचं मी. पत्रिकेत नाव माझ्या खाली."

"शेजारी."

"खाली. अक्षराचा टाईप तेवढाच घालू."

"बरं."

त्यांच्या शब्दावर मी जाणार नव्हतेच. त्या मुलीनं दुकानात दिलेल्या नंबरावर फोन करून म्हटलं, परत जा, खरं तर मुलाकडूनच आले होते असं सांग आणि दिरांना विचारून बघ. ती म्हणाली, "मावशी, फसवून विचारायचं नसतं आम्हाला." कसं शास्त्र आहे कोण जाणे. मग मी शेजारच्या घड्याळवाल्याला धाडलं. तो गेला, डाळ घेतली, हळूच विषय काढला. दिरांनी डाळ बांधता बांधता सांगितलं, "पोरगी हिरा आहे. आणि वहिनींना सांगा, घड्याळ वेळेवर चालतंय."

त्यानंतर खरे लोक कधी येऊन गेले, ते मला कळलंच नाही. एका सकाळी अजिंठ्याहून फोन आला. मुलाचे वडील म्हणाले, रविवारी बैठकीला या. मुलगी माझ्यासमोर उभी होती, तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, उगाचच.

"तुमच्या दिरांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं," मुलाचे वडील म्हणाले. "तुमच्याबद्दलही."

"माझ्याबद्दल काय सांगितलं?"

ते मोठ्यानं हसले. "राहू द्या हो, विहीणबाई. ते आमच्याजवळ राहू द्या."

फोन ठेवून मी लगेच हर्सूलला लावला. जाऊबाईंनी उचलला. म्हणाल्या, हे दुकानात आहेत, बैठकीला कोणता शर्ट घालायचा ते विचारत होते. मी म्हटलं, शर्ट कोणताही घालू द्या, आधी त्यांना फोनवर द्या.