मोळी ध्यानात होती
उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांचा, ओला वास आला की, बातमीसाठी गेलो होतो ते सिरसाळ्याजवळचं अंगण आठवतं. ट्रॉलीवरून पडून डोक्याला मार लागलेला ऊसतोड कामगार बायकोला ओळखत नव्हता. रोजच्या कामानं ओळख परत येईल, या आशेनं तिनं वाढ्यांचा ढीग त्याच्यापुढं टाकला. त्यानं सफाईनं मोळी आवळली, तिच्या डोक्यावर दिली आणि विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" ती माझ्याकडं वळली. "मोळी ध्यानात हाय, दादा. मग मीच कावून न्हाई?" हातांची सवय आणि माणसांची ओळख मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतात, हे डॉक्टरांकडून ऐकलेलं मी सांगितलं. "मग ते ठिकाण बरं व्हईल का?" डोक्यावरची मोळी सावरत तिनं विचारलं. यंदाही दोघं तोडीला गेल्याचं कळलं. तोडीला मजूर नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतो; त्यांची एकमेकांशी ओळख आहे का, हे तो विचारत नाही.