मार्थाबाईंचं एगनॉग

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटते आहे.

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत शेजारच्या मार्थाबाई दर नाताळात आमच्यासाठी घरी केलेलं एगनॉग आणतात. दूध, साखर, जायफळ, थोडी रम आणि चांगली सहा अंडी! आम्ही अंडं खात नाही. तरी दहा वर्षं मी दारात हसून "वी लव्ह इट!" म्हणतो आणि त्या वळल्या की बाटली सिंकमध्ये ओततो.

आज दुपारी त्या बाटली घेऊन आल्या, तेव्हा मनगटाला पट्टा होता. म्हणाल्या, "फेटताना हात फार दुखतो. बाकीच्यांचं बंद केलं. पण तुम्हाला इतकं आवडतं, तुमचं कसं बंद करू?"

आणि मी? पुन्हा तेच, "वी लव्ह इट!"

बायकोनं आतून ऐकलं. "अहो, इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर सत्यावर तासभर गरजता, आणि 'आम्ही अंडं खात नाही' एवढं सांगता येईना?"

ज्याला मी सभ्यपणा समजत होतो, तो निव्वळ भित्रेपणा होता. तो मी लपवत राहिलो आणि एक म्हातारी बाई दुखऱ्या हातानं अंडी फेटत राहिली.

उद्या सकाळी जाऊन सगळं सांगणार आहे. पण सुरुवात कशी करू? आयुष्यभर भाषणं केली, हे पहिलं वाक्य मात्र सुचत नाही. तुम्ही काय म्हणाल?