अकरा अंड्यांचा आळ

माझा मित्र भानुदास गेल्याचा निरोप काष्टीहून आलेल्या कंडक्टरनं नगरच्या आमच्या कचेरीत आणून दिला आणि मी घाईघाईनं भलत्याच, कर्जतच्या एस.टी.त चढलो. पाटी वाचायची शुद्ध नव्हती. गाडी बदलून काष्टीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. माझ्या अशा फजित्या मी आजवर चवीनं सांगत आलो. एक तेवढी कधी सांगितली नाही... ती आज लिहितो आहे.

भानुदास शाळेत विज्ञान शिकवायचा आणि पाखरांपायी वेडा होता. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या काही पक्षीमित्रांनी कोचीनहून बोटीनं लक्षद्वीपची निर्जन बेटं दाखवायची सफर काढली. माहिती द्यायला एक वयस्कर, कडक जाणकार होते. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. भानुदासनं त्यांना पत्रामागून पत्रं धाडून दोन जागा मिळवल्या. दुसरी माझी, कारण त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, पाचवा महिना होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी घरात पाळणा हलणार होता.

मला बोट लागली. दोन दिवस मी कठड्याला मिठी मारून होतो. “अरे, मान वर कर, डॉल्फिन बघ,” भानुदास म्हणायचा. “त्यांना म्हणावं, सवडीनं या,” मी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी वाळूच्या एका बेटावर उतरलो. अंड्यांच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे जायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं म्हणे. मला तेव्हा फक्त पायाखालची जमीन हलत नाही एवढंच कळत होतं. दोरीपलीकडे भर उन्हात उघड्या वाळूवर अंडी पडलेली. घरटं नाही, काडी नाही. मला कळवळा आला. खुडूक कोंबडीखाली आई ठेवायची तशी अकरा अंडी गोळा करून मी झुडपाच्या सावलीत एका खळग्यात नीट रचली.

भानुदासनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “ही सुरय, समुद्रावरची पाखरं. उघड्या वाळूवरच अंडी घालतात. जोडीचं एकेकच अंडं असतं. कुठलं कुणाचं, आता त्यांना कसं कळायचं रे?” वर पाखरांनी कालवा मांडला होता.

“हे कुणी केलं?” सरांनी विचारलं. मी हातांची वाळू झटकू लागलो.

“मी,” भानुदास म्हणाला.

“मास्तर, उद्या तुम्ही बोटीवरच थांबा.”

उद्याचं बेट म्हणजे ज्याच्यासाठी तो एवढा आला होता ते. मी म्हणालो, “मी जाऊन सांगतो त्यांना.” तो म्हणाला, “राहू दे. तुला आणलं कुणी? मीच ना?” आणि मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची दुर्बीण गळ्यात घालून मीच उतरलो. परत आल्यावर त्यानं विचारलं, “काय दिसलं?” “पांढरं होतं. मोठं होतं.” “चोच?” “होती.” तो पोट धरून हसला.

घरीही त्यानं अंड्यांचा आळ स्वतःवरच ठेवला. महिन्याभरात वहिनींच्या पोटातलं मूल गेलं. मी भेटायला गेलो, चहा घेतला, निघालो.

तेरावं झाल्यावर पुन्हा गेलो. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. “म्या लई बोलले त्यास्नी, भावजी. दुसऱ्याच्या अंड्यांना हात लावलात, म्हून आपलं घर रिकामं ऱ्हायलं, असं. जेवताना बोलले, पाव्हण्यांदेखत बोलले. ते तिथं भिंतीला टेकून ऐकून घ्यायचे. एक दिस उलटून बोलले न्हाईत.”

भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता.

मग मी सांगितलं. सुरुवात सवयीनं फजितीच्या सुरातच झाली. त्याची लाज अजून जात नाही. वहिनींचा हात सुपात थांबला.

“मग म्या तीन वर्सं कुणाला बोलत हुते?”

त्या उठल्या, त्या डागाला टेकून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी जागचा हललो नाही. बोलणी खायला मीच तर समोर होतो... त्या काही बोलल्याच नाहीत.