जागा सोडण्याची धमकी

बंदराजवळच्या द्रोणागिरीतलं आमच्या कंपनीचं गोडाऊन भाड्याचं आहे. मालक गव्हाणचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला शेठ. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या पैशात बँकेचं कर्ज घालून त्यांनी ती शेड उभी केली. भाडं आलं की हप्ता जातो आणि उरेल त्यात घर चालतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते वापरलं.

करार तीन वर्षांचा होता. पुढे तीन-तीन वर्षं दोनदा वाढवायचा हक्क फक्त आमचा. पहिली तीन वर्षं संपत आली तेव्हा मी काकांना सांगितलं, "मार्चमध्ये जागा सोडतोय. दुसरीकडे स्वस्तात मिळतेय." दुसरीकडे काहीही नव्हतं. ते दोनदा पनवेलला माझ्या घरी आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्क्वेअर फुटामागे चार रुपये कमी करायचं कबूल केलं. मी म्हटलं, "बघतो. शुक्रवारी गोडाऊनवर या."

जागामालक या जातीवर माझा राग जुना आहे. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ माझं स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान होतं. तिथला मालक दर अकरा महिन्यांनी मला पायरीवर ताटकळत ठेवायचा आणि भाडं वाढवून मगच सही करायचा. शेवटी एका सकाळी माझा माल फुटपाथवर होता. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण तो मालक वेगळा होता आणि काका वेगळे, हे तेव्हाही मला कळत होतं.

त्याच शुक्रवारी गोडाऊनवर ऑडिटरबाई आल्या. एका मोठ्या कंपनीनं आमच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा घेतल्यामुळे हिशेबाचे नवे नियम आम्हाला लागू झाले होते. आधी सोपं होतं: महिन्याचं भाडं भरलं की खर्चात टाकायचं. आता जितकी वर्षं जागा वापरणार, तितक्या वर्षांचं भाडं आजच्या किमतीत मोजून ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचं आणि समोर जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून मांडायचा. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं.

"सर, इथे किती वर्षं राहणार?" त्यांनी विचारलं.

"तीन. पुढची फक्त तीन." जितकी वर्षं कमी, तितकं देणं लहान दिसतं. आम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेला बरं वाटतं.

"पण करारात सहा वर्षांचा हक्क आहे."

"हक्क आहे, सक्ती नाही."

"सक्तीचा प्रश्नच नाही. तुम्ही राहाल याची वाजवी खात्री आहे का, ते बघायचं. ही फरशी तुम्ही नव्यानं ओतलीत. रॅक तुमचे, ट्रक लावायचा धक्का तुमच्या खर्चानं. तीन वर्षांसाठी कुणी एवढा पैसा घालत नाही, सर."

"तुम्ही मला धंदा शिकवू नका, मॅडम."

"शिकवत नाही. पण तीन वर्षांत सोडणार असाल, तर हा खर्च चुकला असं म्हणावं लागेल."

तिथे माझं डोकं फिरलं. मला कुणी खोटारडा म्हटलेलं चालतं, पण मूर्ख म्हटलेलं चालत नाही. मी टेबलावर हात आपटला. "चुकला? अहो, पोर्ट इथे, कंटेनर यार्ड इथे, मी जाणार कुठे? मालकानं दीडपट भाडं मागितलं तरी मी ही जागा सोडणार नाही. सहा वर्षं लिहा, जा!"

त्यांनी शांतपणे सहा लिहिलं.

माझ्या केबिनचं पार्टिशन पातळ प्लायचं आहे. जाड घ्या म्हणत होता सुतार. मी भाव पाडून पातळ बसवून घेतलं होतं. दार उघडलं तर बाहेरच्या बाकावर काका बसलेले, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. बारा वाजता बोलावलं होतं, अकरालाच आले होते.

मला वाटलं, आता शिव्या देतील. मी उत्तराची तयारीही केली, मनातल्या मनात आवाज चढवला. काका उठले आणि म्हणाले, "आयकलं मी, शेठ. तुमी जानार नाय ना, मंग झालं. हप्त्याचा घोर होता."

"काका, ते चार रुपयांचं..."

"ते बोललो ते बोललो. शब्द दिलाय, आता मागं नाय." त्यांनी कमी भाड्याच्या कागदावर सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं. मी सही करू दिली. "राहू द्या" हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते. ऑडिटरबाई बघत होत्या.

नंतर गव्हाण फाट्यावर ते मला दिसू लागले, टेम्पो चालवताना. कमी झालेलं भाडं भरून काढायला भाजीच्या खेपा करत होते. गाडी ओळखून हात करायचे. मी फोनमध्ये बघायचो.

शेवटी एक दिवस त्यांच्या घरी गेलो. चारच्या चार रुपये परत द्यायचे, असं गाडीत पक्कं ठरवलं होतं. चहा आला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "काका, दोन रुपये वाढवतो." चार म्हणायचं होतं. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप निम्म्यावर थांबलं. ते "तीन करा" म्हणतील, मग मी चार म्हणेन, असाही हिशेब झटकन करून टाकला.

काका म्हणाले, "बरं." इतकंच. घासाघीस केलीच नाही. मी कप ठेवला आणि निघालो.

पुढच्या ऑडिटला बाईंनी नवा कागद पाहिला. "भाडं मध्येच बदललंत, उरलेल्या वर्षांचं देणं नव्यानं मोजावं लागेल. पण सर, वाढवलंत तुम्ही? कारण काय लिहू?"

"बाजारभाव," मी म्हणालो.