गणपतीत घेतलेल्या मुलाखती

आमच्या महाडच्या कॉलेजात ‘कायदा आणि समाज’ या विषयावरचं चर्चासत्र शुक्रवार-शनिवारी होतं, आणि लगेचच्या सोमवारी ताईला घेऊन मला पोलादपूरला जायचं होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती हक्कसोडपत्रावर सही करणार होती. आई आधीच गेली होती; वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. दोघंच भावंडं, त्यामुळे गावच्या जमिनीत तिचा हिस्सा माझ्याइतकाच. सही झाली की तिचं नाव निघणार आणि सगळं माझ्या एकट्याच्या नावावर येणार. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ तिला साडी घेतो, येताना सगळे मिळून कुठेतरी जेवतात. साडी बायकोने आणून ठेवली होती.

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे चर्चासत्राशी माझा संबंध आकड्यांपुरता. पुण्याच्या एका संशोधक बाईंनी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर फिरून, हक्क सोडलेल्या बहिणींच्या मुलाखती घेतल्या होत्या. कायदा पुस्तकात काय म्हणतो आणि घरात काय होतं, हे लोकांना विचारून मोजायचं, असा त्यांचा अभ्यास. मुलाखती त्यांच्या आणि आमच्या विद्यार्थिनींच्या, तक्ते माझे. मी ते पुन्हा पुन्हा तपासले होते. बेरीज कुठेही चुकत नव्हती.

मुंबईचे पाहुणे हायवेच्या कामात अडकले, म्हणून उद्घाटन उशिरा झालं. मग शाली, नारळ, प्रास्ताविक. समाजशास्त्राची माणसं आणि वकील मंडळी एकाच सभागृहात बसली की गंमत होते. एकाने गावकीतले तंटे कोर्टात का जात नाहीत यावर निबंध वाचला. वकिलांनी विचारलं, ‘पण कलम कुठलं?’ त्याने सांगितलं, कलम लागतच नाही, तेच माझं म्हणणं आहे. वकिलांना हे उत्तर वाटलं नाही.

बाईंचा निबंध दुपारी होता. शेवटचा तक्ता पडद्यावर आला. हक्क स्वखुशीने सोडला का, या प्रश्नाला जवळजवळ सगळ्या बहिणींनी ‘हो’ म्हटलं होतं.

‘आमच्या तालुक्यातल्या बहिणी देवमाणसं आहेत,’ महाडचे एक जुने वकील म्हणाले. ‘त्यासाठी एवढं फिरायला नको होतं. मला विचारलं असतंत.’

सभागृह हसलं. अध्यक्ष मुंबईचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. मुलाखती कधी घेतल्या, असं त्यांनी विचारलं.

‘गणपतीत,’ बाई म्हणाल्या. ‘एरवी वाड्या रिकाम्या असतात, निम्मं गाव मुंबईला. गणपतीत सगळे भेटतात.’

ते खरंच होतं. माणसं कधी भेटतील असं त्यांनी पहिल्या बैठकीत विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्या महाडकरांनी एका तोंडाने तेच सांगितलं होतं. अध्यक्षांनी ‘नियोजन चांगलं’ म्हणून मान डोलावली.

माझ्या मागच्या रांगेत दोन शिक्षिका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, ‘गौरीच्या दिवशी भावाच्या ओटीवर बसून कोण नाही म्हणेल गं?’

‘म्हणालीच, तर जेवायला कोण वाढेल?’ दुसरी म्हणाली, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. प्रश्न विचारायला मात्र एकही उठली नाही.

मी पडद्यावरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. मीही ताईला गणपतीतच विचारलं होतं. ती आरतीचं ताट लावत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कवा पण सही करते. तू फक्त सांग.’ ते उत्तर मी पक्कं धरून चाललो होतो.

शनिवारी दुपारी पाहुण्यांना रायगड दाखवायचा होता. बाईंनी गड आधी पाहिला होता, त्या खाली पाचाडलाच थांबल्या. यजमान म्हणून मीही थांबलो. तिथल्या एका खानावळीत पिठलं-भाकरी मागवली आणि मी त्यांना शिक्षिकांचं बोलणं सांगितलं. त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

‘म्हणजे आपण काय मोजलं?’

‘बहिणी भावाच्या घरी काय बोलतात ते. तेवढं नीट मोजलंय.’

‘तुम्हाला हे आधी सुचलं नाही?’

‘मी इथलाच आहे. मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही.’

तक्त्याचं शीर्षक बदलू आणि काही घरांत पुन्हा जाऊ, असं बाई म्हणाल्या. त्यांना ते जमणार होतं. ताईची सही सोमवारी होती.

रात्री बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘माझ्या वेळी मला कोणी विचारलं?’

‘तुझ्या भावाने विचारलं असेल की.’

‘विचारलं ना. साडी हातात ठेवून विचारलं.’ मग म्हणाली, ‘जा, ताईंना विचारून या. पण हो म्हणाल्या तर परत परत विचारत बसू नका, तुमची सवय आहे. आणि नाही म्हणाल्या तर मला दोन दिवस राग येईल, हे आत्ताच सांगते.’

रविवारी दासगावला ताईकडे गेलो. भावोजी बाजारात गेले होते. ताई ओटीवर सुपात जवळा निवडत बसली होती.

‘उद्याच्या सहीचं विचारायला आलो,’ मी म्हणालो.

‘आता काय विचारायचं? ठरलंय ना?’

‘गणपतीत विचारलं तेव्हा घर भरलेलं होतं. आता तू एकटी आहेस.’

‘कॉलेजात तुला काय शिकवलं काय रे कुणी?’ ती हसली. सूप हलवत राहिली. मग म्हणाली, ‘नाय बोलले तर?’

‘तर नाव राहील.’

‘नि गौरीला बोलावशील?’

‘ताई, हे काय विचारणं झालं?’

‘तू विचारलंस, मी पण विचारते.’

‘बोलावीन.’

‘नि ती?’

‘तिनेच पाठवलंय. नाही म्हणालीस तर दोन दिवस रागावेन म्हणाली.’

‘दोनच?’ ताई म्हणाली. सूप खाली ठेवून तिने हात पुसले. ‘मग असू दे नाव. मला जमीन कसायची नाय, विकायची पण नाय. बाबांच्या नावाखाली माझं हाय, ते असू दे.’

मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट वाटलं, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न सुचला असावा. हे तर तिचं सासर. जागा बदलली म्हणून उत्तर बदललं नसेल कशावरून? मी विचारलं, ‘भावोजी काही बोलले का?’

ती पहिल्यांदाच चिडली. ‘म्हणजे भावाच्या घरी मी भावाचं बोलते नि नवऱ्याच्या घरी नवऱ्याचं. मग कुठं नेऊन विचारणार तू मला? रस्त्यात?’

तेवढ्यात भावोजी आले. पिशवी ठेवत म्हणाले, ‘उद्या किती वाजता निघायचं? रिक्षा सांगून ठेवतो.’

‘उद्या जायचं नाय,’ ताई म्हणाली.

‘का गो?’

‘मी सही करत नाय म्हणून.’

ते माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावर आनंद नव्हता, काळजीच होती. ‘अगो, लोक बोलतील, जावयाने फितवली.’

‘बोलू दे. तुमाला विचारून ठरवलं नाय, हा हाय ना साक्षीला.’ ती उठून आत गेली आणि जवळ्याची पुडी बांधून घेऊन आली. ‘घरी ने. नि तिला सांग, दोन दिवसांनी मी फोन करीन.’

हायवेला लागण्याआधी गाडी कडेला घेऊन मी हक्कसोडपत्राचं काम बघणाऱ्या वकिलांना फोन केला. ताई सही करणार नाही, नाव राहू द्यायचं आहे, असं सांगितलं.

‘भांडण झालं काय?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

असं अशील त्यांना नवीन असावं. मग म्हणाले, ‘बरं. उद्याची ती वेळ मी दुसऱ्या कोणाला तरी देतो.’