ओळंब्याची रेघ

चित्र लावणं म्हणजे खिळा ठोकणं असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात फक्त कॅलेंडर टांगलेलं असतं, असं ओळंबा म्हणायचा. एरवी तो तोंड उघडायचा नाही, पण गॅलरीत कोणी नवं माणूस कामाला लागलं की एवढं मात्र ऐकवायचाच.

ओळंबा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. सहा फूट उंच, काटकुळा, नाकासमोर चालणारा माणूस. गवंड्याच्या दोरीला लोंबतं ना ते वजन, तसा सरळ, म्हणून कोणीतरी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. एकतीस वर्षं तो त्याच गॅलरीत चित्रं लावत होता आणि उतरवत होता. या एकतीस वर्षांत त्याने किती कलाकार पाहिले असतील त्याची गणती नाही. एकाने चाळीस कॅनव्हासवर एकच करडा रंग लावून आणला होता. रंग एकच असला तरी दर दिवशीचं मन वेगळं होतं, असं त्याचं म्हणणं. मागे तारखा लिहिलेल्या नसत्या तर ओळंब्याने तिथेच डोकं धरून बसकण मारली असती. एका बाईने आईचे सगळे स्वेटर उसवून लोकरीचा ढीग हॉलच्या मधोमध रचला. तो ढीग रोज थोडा थोडा खचत जायचा, आणि ते खचणं हीच तिची कलाकृती होती. एका दाढीवाल्याने तर रिकामी भिंत मागितली आणि तीत नुसते खिळे हवेत म्हणाला. प्रदर्शनाचं नाव ‘न काढलेली चित्रं’. त्या खिळ्यांपायी ओळंबा तीन दिवस राबला, कारण नसलेलं चित्रसुद्धा वाकडं लागलेलं त्याला खपत नसे.

यातलं किती कळलं असं विचारलं तर तो सांगे, कल्पना त्यांची, भिंत माझी. पण त्याच्या भिंतीतही एक कल्पना होती, आणि ती कोणाला ठाऊक नव्हती.

चित्राचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा, हा या धंद्यातला पहिला धडा. आता बघणारे काही साच्यातून काढलेले नसतात. तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर, असा प्रश्न ओळंब्याला पहिल्याच प्रदर्शनाला पडला. त्या वेळचे संचालक फोनवर होते. त्यांनी हातानेच, तुझं तू बघ, अशी खूण केली. तेवढ्यात बायको त्याचा डबा घेऊन आली. लग्नाला चार महिने झाले होते. त्याने तिला स्टोअररूमच्या दारामागे भिंतीला टेकवून उभं केलं, चप्पल काढायला लावली आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीला पेन्सिलने एक रेघ मारली. बाई जेमतेम पाच फूट. त्या रेघेवरून त्याने एक लाकडी पट्टी कापून घेतली आणि पुढची सगळी चित्रं त्या पट्टीने लावली. बाकीच्या गॅलऱ्यांमध्ये चित्रं यापेक्षा वर लावतात, हे त्याला पुढे कधीतरी कळलं. तोवर हाताला सवय झाली होती, आणि बदलावं असं त्याला वाटलंही नाही.

लोकांना मात्र काहीतरी जाणवायचं. इथली चित्रं अंगावर येत नाहीत, जवळची वाटतात, असं ते म्हणायचे. कोणी त्याचं श्रेय दिव्यांना दिलं, कोणी भिंतीच्या रंगाला. एका समीक्षकाने तर या दालनाच्या नम्रतेवर अर्धं पान लिहिलं. ते ओळंब्याने घरी वाचून दाखवलं तेव्हा बायको हसून हसून खाली बसली. घरात त्यांची वाटणीच होती. वरची फळी त्याची, खालची तिची. वरचं जग तुम्ही सांभाळा, खालचं माझ्याकडे द्या, असं ती म्हणायची.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली बाई चौथ्या दिवशी गेली. आठवड्याने ओळंबा कामावर आला. लोक भेटले, खांद्यावर हात ठेवून गेले. त्याला काहीच होईना. दाढ काढायच्या आधी भूल देतात आणि गाल आपला असूनही परका लागतो, तसं त्याला सगळ्या अंगालाच झालं होतं. जेवायचा, झोपायचा, बस पकडायचा. चहा-साखर त्याने वरच्या फळीवर आणून ठेवली, खालच्या फळीकडे वाकला नाही. दुसऱ्या गावी राहणारी मुलगी दर रविवारी फोन करायची. एकदा तिने स्पष्टच विचारलं, की बाबा, तुम्ही एकदा तरी रडलात का. तो म्हणाला, गॅलरीत काम फार आहे. मुलगीच मग फोनवर रडली आणि हा कान बदलून ऐकत राहिला.

त्यातच नवीन संचालक आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, हुशार, स्वभावाने चांगल्या. त्यांनी भिंतीवर लाल रेघ पाडणारं लेझरचं यंत्र आणलं. ते लावताच त्या चक्रावल्या. भिंतीतली सगळी जुनी भोकं सहा-सहा सेंटिमीटर खाली निघाली.

“काका, हे कोणी ठरवलं?” त्यांनी विचारलं.

ओळंबा म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगावं असं आतून काही उठलंच नाही. मॅडमनी मग नीट समजावलं. सगळीकडे चित्राचा मध्य एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरवर असतो, बाहेरचे कलाकार तेच धरून चालतात, तेव्हा भिंती बुजवून घ्या आणि यापुढे नवीन माप. तो बरं म्हणाला.

चार दिवस त्याने पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, दोन हात रंग दिला. ट्रेमध्ये थोडा रंग उरला होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून स्टोअररूमच्या दारामागची भिंतही मारून घेतली. पेन्सिलची रेघ रोलरच्या एका फेऱ्यात गेली. लाकडी पट्टीचे त्याने तुकडे केले आणि चित्रांच्या पेट्या डुगडुगू नयेत म्हणून त्यांच्या पाचरी केल्या. मग हात धुता धुता तो थांबला. घरात तिच्या चार वस्तू होत्या. पण घराबाहेर, चारचौघांत, तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते म्हणजे ही रेघ, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती. आता तरी काहीतरी होईल म्हणून त्याने वाट पाहिली. काही झालं नाही. तेव्हा मात्र त्याला भीती वाटली. हे आता असंच राहणार, आपल्याला तिच्यासाठी एवढंसंही दुखणार नाही, अशी ती भीती होती. त्याने रोलर धुऊन वाळत घातला.

पुढचं प्रदर्शन काचांचं होतं. अकरा चौकटी आल्या. प्रत्येक चौकटीत एकामागे एक बारा पातळ काचा, आणि प्रत्येक काचेवर कोरलेले नुसते ओरखडे. पेटीत एक चिठ्ठी होती. ‘तुमच्या नेहमीच्या रेघेवर लावावे.’ ओळंब्याने ती दोनदा वाचली. नेहमीची रेघ कोणती हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण हुकूम एकशे पंचेचाळीसचा होता. त्याने चिठ्ठी खिशात घातली आणि अकराच्या अकरा चौकटी नव्या मापावर लावल्या. लावून झाल्यावर मागे सरकून पाहिलं, तर ओरखडेच दिसत होते. असतील ओरखडे, लोकरीच्या ढिगापेक्षा बरे, म्हणून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काचांची चित्रकार आली. चाळिशीची, खांद्याला कापडी झोळा, उंची ओळंब्याच्या बायकोइतकीच. ती पहिल्या चौकटीसमोर उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने टाचा उचलल्या, क्षणभर काचेत पाहिलं आणि पुन्हा खाली टेकली.

“हे वर कोणी नेलं?”

मॅडम धावत आल्या. त्यांनी नव्या मापाचं सांगितलं. चित्रकार बाई रागावली नाही, तिथेच एका पेटीवर बसली आणि आपलं काम काय आहे ते सांगू लागली. बारा काचांवरचे ओरखडे एकाच उंचीवरून पाहिले तर जुळतात आणि चित्र होतं. बोटभर वर-खाली झालं की पुन्हा ओरखडे. आणि चित्रं कसली, तर ठेंगण्या माणसाला रोज जे दिसतं त्याची. बँकेत तिला काउंटर दिसतो, बँकवाला दिसत नाही. बसमध्ये लोकांची कोपरं दिसतात. बाकी सगळीकडे प्रत्येक प्रदर्शन तिने मान वर करून पाहिलं होतं. विद्यार्थी असताना ती या गॅलरीत आली आणि पहिल्यांदा चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं. त्या दिवशी ती चित्रांपेक्षा भिंतच जास्त वेळ बघत राहिली होती. गेल्या वर्षी येऊन तिने ती उंची मोजून नेली होती आणि सगळ्या काचा त्याच मापाने कोरल्या होत्या. उंच लोकांनी थोडं वाकावं, एवढीच तिची कल्पना होती.

“ज्याने ती उंची ठरवली त्याला मला भेटायचंय,” ती म्हणाली. “असा विचार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.”

मॅडमनी ओळंब्याकडे पाहिलं. आता गप्प राहून भागणार नव्हतं.

“विचारबिचार काही नाही बाई,” तो म्हणाला. “तिथे माझ्या बायकोचे डोळे यायचे.”

मॅडम म्हणाल्या, “काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत, कोणी ठरवलं. तिने काही ठरवलं नव्हतं. ती डबा घेऊन आली होती.”

चित्रकार बाईने वहीतून माप काढलं. एकशे एकोणचाळीस. या प्रदर्शनापुरतं जुनंच माप ठेवा, पुढचं समितीत बघू, असं मॅडम म्हणाल्या, आणि ओळंबा कामाला लागला. चौकटी उतरवल्या, परवा बुजवलेल्या भिंतीला सहा सेंटिमीटर खाली पुन्हा भोकं पाडली, वरची भोकं बुजवली. दुपारपर्यंत अकराही चौकटी लागल्या. हातांना काम सोपं गेलं, आत मात्र अजूनही ढिम्म होतं. आता चित्रकार बाई एकेका काचेसमोर नुसती उभी राहत होती आणि मान हलवत पुढे जात होती. मग तिने त्याला बोलावलं. मी लावतो, बघत नाही, असं तो म्हणाला. पण उंच माणसाला नीट दिसतं का ते तिला पाहायचं होतं, आणि त्याच्याइतकं उंच दुसरं कोणी तिथे नव्हतं.

ओळंबा वाकला. गुडघे मोडून, हात मांड्यांवर टेकून, बोट-बोट खाली येत गेला. एका जागी ओरखडे एकदम जुळले आणि काउंटरची कड दिसली, तिच्यावर कोणाचा तरी हात. दुसऱ्या काचेत कोपरं होती. तिसरीत एक फळी होती, तिच्यावरच्या बरण्यांचे फक्त तळ दिसत होते. तो तसाच वाकलेला, बाजूला सरकत सरकत सहाव्या काचेशी आला.

सहाव्या काचेत शर्टाचा खिसा होता. उंच पुरुषाच्या शर्टाचा. खिशात एक पेन्सिल, घडी केलेला कागद, शेजारी तिसरं बटण. वर कॉलरपाशी चौकट संपत होती, चेहरा नव्हताच. चित्रकार बाईने हा खिसा बसच्या रांगेतल्या कोणाचा तरी पाहून काढला असेल. पण ओळंबा त्याच्यासमोरून हलेना.

म्हणजे तिला हे दिसायचं. स्वयंपाकघरात, जिन्यात, बसथांब्यावर, ती त्याच्याशी जे काही बोलली ते या खिशाशी बोलली. त्याने मान खाली घातली तरच तिला चेहरा मिळायचा, आणि तो काही दर वेळी मान खाली घालत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर त्याने एकतीस वर्षं हजारो चित्रं लावली. दर प्रदर्शनाला तिला भिंतीसमोरून चालवत नेलं आणि दर वेळी एकच विचारलं, की वाकडं नाही ना? ती नाही म्हणायची. मग तो शिडी आवरायला जायचा. तुला काय दिसतंय, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्या उंचीवर आज तो पहिल्यांदाच आला होता.

आणि मग दुखलं. आठ महिन्यांचं सगळं एकदमच डोळ्यांत आलं. त्याला काचेतलं काही दिसेना, तरी तो तसाच वाकून उभा राहिला. चित्रकार बाईला वाटलं, पाय भरून आले. ती खुर्ची आणायला वळली.

“नको बाई,” ओळंबा म्हणाला. “थोडा वेळ मला इथूनच बघू द्या.”